चिपवरचे दोन हजार शुभेच्छुक

माजी सभापती विश्वंभर आबांच्या एकसष्टीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाला, माझ्या दुकानातला फ्लेक्स मेला.

मेला म्हणजे फाटला नाही. दोन हजार एक्केचाळीस साल चाललंय, आता फ्लेक्स फाटत नाहीत. कापडाचाच पडदा असतो आणि त्यावरची माणसं हलतात. मधोमध आबा गॉगल काढून हात जोडतात आणि खाली दोनशे चौदा शुभेच्छुक एकामागोमाग मान लववतात. तर एकशे सत्तेचाळिसाव्या माणसाची मान अर्धी लवली आणि सगळं थांबलं. वर पाटी आली: ‘चेहऱ्यांची मर्यादा संपली. कृपया नवा परवाना घ्या.’

हलती चित्रं काढणारं कार्ड मी रोख पैसे देऊन घेतलेलं. पण आतली किल्ली कंपनीकडे, आणि कंपनी सातासमुद्रापार. आधी त्यांनी महिन्याला भाडं लावलं, मग फ्लेक्समागे, आणि त्या सोमवारपासून चेहऱ्यामागे! ज्यानं हे ठरवलं तो माणूस जन्मात कधी महाराष्ट्रात आला नसणार. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असतो आणि फोटो दोनशे जणांचे. चेहऱ्यामागे भाडं म्हणजे न्हाव्याला केसामागे टॅक्स.

मी मन्मथ होनराव. झकास डिजिटल, तेलगिरणी चौक, बार्शी. वय बावन्न, पण गावातल्या निम्म्या लोकांना ते पटत नाही. त्याला कारणंही आहेत. नव्या मुख्याधिकाऱ्यांच्या स्वागताच्या फ्लेक्सवर मी एकदा चुकून स्वतःचा फोटो लावला होता. चुकून म्हणजे मुद्दाम. दोन दिवस लोक मला हार घालून नळाच्या तक्रारी सांगत होते. तीन तर मी सोडवल्या पण.

आबांचा फ्लेक्स कसाबसा जुन्या पद्धतीनं छापून, न हलणारा असा लावला. आबा म्हणाले, “मन्या, मी मेलो का काय? हलेना का मी?”

घरी आलो तर बायको, महानंदा, म्हणाली, “शैलाला विचारा. तिचं हेच चाललंय की तीन वर्षं. बिनकुलपाचं कार्ड.”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

“मग तुम्ही बोला. तुम्हाला कुठं समोरच्यानं बोलायची गरज लागते?”

शैलजा माझी मेहुणी. बेंगळुरूला चिपच्या कंपनीत पंधरा वर्षं काढली आणि बार्शीला परत आली, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला. ती आली त्याच आठवड्यात मी चौकात फ्लेक्स लावला: ‘सर्पमित्र शैलजाताई. घरात साप निघाल्यास त्वरित संपर्क साधा.’ खाली तिचा खरा मोबाइल नंबर. शैला पालीला बघून पलंगावर चढते, म्हणून तर लावला! मला वाटलं, दोन-चार फोन येतील, हसू, चहा पिऊ.

दोन-चार कसले! रोजचे वीस. आणि एक दिवस वैरागकडचा एक गडी घागरीत धामण घालून थेट तिच्या खोलीत गेला. त्या वेळी तिची संगणकावर मुलाखत चालू होती. बिनकुलपाच्या ग्राफिक्स प्रोसेसरला सरकारी अनुदान द्यायचं का, हे ठरवणारी समोर पाच मोठी माणसं. त्यांनी पाहिलं ते एवढंच: बाई बोलता बोलता टेबलावर चढल्या, किंचाळल्या, आणि टेबल मोडलं.

अनुदान गेलं. तेव्हापासून शैला सणावारी आली तरी माझ्याशी भिंतीमार्फत बोलते. “ताई, त्यांना सांग, मीठ पुढे करा.” मी आयुष्यात शेकड्यानं खोड्या केल्या. झोपताना आठवते ती ही एक.

तर गेलो कॉलेजात. तिच्या लॅबच्या दारात फिनेलचा वास. सापाला फिनेल चालत नाही असं कुणीतरी तिला सांगितलेलं. (मीच.)

“पिशवीत काय आहे?” ती लांबूनच म्हणाली.

“शेंगाचटणी. ताईनं दिलीय.”

“डबा तुम्ही उघडा, दाजी. खिडकीबाहेर धरून.”

उघडला. चटणीच निघाली. मग मला स्टूल मिळालं.

मी माझं रडगाणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पडद्यावर एक नकाशा उघडला. मला वाटलं, एखाद्या शहराचा आहे. गल्ल्या, चौक, वाडे, सगळं रंगीत.

“हा माझा प्रोसेसर. साधा प्रोसेसर म्हणजे एक हुशार आचारी. एका वेळी एकच पदार्थ, पण अवघडातला अवघड. ग्राफिक्सचा म्हणजे पंगतीतले हजार वाढपी. प्रत्येकाला एवढंच येतं: पुढे सरक, वाढ. पण हजार जण एकदम वाढतात. तुमच्या फ्लेक्सवर लाखो ठिपके असतात ना, ते हे सगळे मिळून एका झटक्यात रंगवतात.”

“आणि कुलूप?”

“नाही. हा सगळा नकाशा मी जगासमोर उघडा ठेवलाय. कुणीही बघा, सुधारा, कारखान्यात द्या, बनवून घ्या. भाडं मागणार कोण? मालकच नाही.”

“मग अडलंय कुठं?”

“छापण्यात. तुम्ही पूर्वी स्क्रीन प्रिंटिंग करायचा ना? रंगामागे एक जाळी. इथं थरामागे एक साचा, असे पस्तीस थर, आणि साचे भयंकर महाग. चिपा छापतात ती सिलिकॉनची सगळी तबकडी एकट्यानं घेणं शक्य नाही, म्हणून शेअर टेम्पोसारखं असतं. बरेच जण मिळून एका तबकडीवर आपापला माल टाकतात. आपल्या वाट्याला दोन कोटी. टेम्पो सुटतो तीस नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाला.”

“आणि नाही जमलं तर?”

तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. ज्या कंपनीनं माझे आबा गोठवले होते, त्याच कंपनीचं पत्र. मोठी नोकरी, मोठा पगार, परदेशात. अट एकच: उघड्या नकाशाचं काम कायमचं बंद. उत्तराची मुदत एक डिसेंबर.

“तीस तारखेचा टेम्पो चुकला तर मी सही करणार आहे. तीन वर्षं दारोदार फिरले, दाजी. दमले.”

तिनं ‘दाजी’ म्हटलं ते नीट म्हटलं, आणि मला जास्त लागलं. विषय बदलावा म्हणून मी पडद्यावर बोट ठेवलं. “ह्या गल्ल्यांच्या मधे चौकोनी टिकल्या कसल्या? रांगोळी काढल्यासारख्या?”

“त्या निकामी आहेत. भराव. प्रत्येक थर बसला की तबकडी घासून सपाट करतात, फरशी पॉलिश करतात तशी. एखाद्या जागी तारांचं तांबं फार कमी असलं तरी खळगा पडतो, फार जास्त असलं तरी पडतो, कारण ते मऊ. मग वरचा थर वाकडा बसतो. म्हणून कारखान्याचा नियम: कुठलाही तुकडा घ्या, तांबं तीस टक्क्यांच्या खाली नको, सत्तरच्या वर नको. मोकळ्या जागी मग अशा टिकल्या टाकायच्या. तारांना चिकटू द्यायच्या नाहीत, बस.”

“चौकोनीच पाहिजेत?”

“काही गरज नाही.”

“सारख्याच आकाराच्या?”

“नाही. का?”

मी स्टुलावरून उठलो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली पाहिलाय कधी? नुसते ठिपके असतात. कुठं मोठे, कुठं बारीक. लांबून बघितलं की चेहरा. तीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

“शैला, तांबं चमकतं ना? मग मोठी टिकली म्हणजे उजेड, बारीक टिकली म्हणजे सावली. तुझा भराव पण होतो आणि माझा माणूस पण होतो. किती बसतील?”

तिनं कागद-पेन ओढलं. मग तिनं आकडेमोड केली. मग परत केली.

“सगळ्यात वरच्या थरावर, केसापेक्षा जरा रुंद असा एक चेहरा... दोन हजार.”

“माणशी दहा हजार!” मी म्हटलं. “झाले दोन कोटी.”

“दाजी, ही चिप आहे. जत्रा नाही. आणि दिसणारही नाही अशा फोटोला दहा हजार देईल कोण?”

“तू इंजिनिअर आहेस,” मी म्हटलं. “शुभेच्छुक तुला कळायचा नाही.”

पहिले आबा. मी त्यांना एवढंच सांगितलं, “आबा, फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. हा उतरत नाही. जिथं जिथं ही चिप जाईल, अमेरिका म्हणा, जपान म्हणा, आत तुम्ही.”

“नगरपालिका काढू शकत नाही?”

“केंद्र सरकार काढू शकत नाही.”

आबांनी डोळे मिटून ते चित्र बघितलं. “मधोमध पाहिजे,” म्हणाले. “आणि जरा गोरं कर.”

मग मी चाळीस गावांतल्या फ्लेक्सवाल्यांना फोन लावले. कुर्डुवाडी, लातूर, जालना, पार चंद्रपूरपर्यंत. चेहऱ्याच्या भाड्यानं सगळेच पिचलेले. प्रत्येकानं आपापले शुभेच्छुक गोळा केले, पैसे थेट कॉलेजच्या खात्यात. जो तो म्हणे, त्या अमुकचा चेहरा आहे का? मग माझा त्याच्या वर टाका. मी सांगायचो, चिप उलटी धरली की तुम्हीच वर. एकोणतीस नोव्हेंबरला दोन हजार पूर्ण! शैलानं आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. त्या दिवशी तिनं मला स्वतःच्या हातानं चहा दिला. मी आधी थोडा बशीत ओतून बघितला. वेळ सांगून येत नाही.

तीस तारखेला सकाळी दोन हजार चेहरे नकाशावर चढवले. दुपारी एकला शैलानं कारखान्याची तपासणी चालवली.

पडदा लाल झाला. एक-दोन ठिकाणी नाही, दोन हजार ठिकाणी.

“तांबं नव्वद टक्के!” ती ओरडली. “प्रत्येक चेहऱ्यात! असं कसं? चाचणीत तर पास झालं होतं!”

चाचणी आम्ही तिच्या आणि माझ्या फोटोवर केली होती, लॅबच्या साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या. आणि हे दोन हजार... चाळीस गावांतल्या चाळीस दुकानदारांनी फोटो पाठवण्याआधी काय केलं असेल ते मला न विचारता माहीत होतं. जे आम्ही तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाचं करतो तेच. हात आपोआप जातो. आणि माझ्याकडे आल्यावर मी पण, सवयीनं, सगळ्यांवर परत एकदा फिरवलं होतं.

“शैला,” मी म्हटलं, “आम्ही त्यांना गोरं केलंय.”

“काय?”

“दोनदा.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग लाल पडद्याकडे. “म्हणजे कारखान्याला इतकी गोरी माणसं चालत नाहीत,” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. दोन्ही हातांनी डोकं धरून हसली. मग एकदम थांबली. घड्याळात दीड वाजला होता.

“सोपं आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांवर एकसारखी राखाडी ओढते. टक्के खाली येतील.” तिनं ओढली. लाल रंग पटापट गेला. मी मधोमधच्या आबांना मोठं करून बघितलं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती राखाडी भाकरी. गोरं करता करता आम्ही चेहरा कधीच धुऊन टाकला होता.

“पास झालं,” शैला म्हणाली. “पाठवून देऊ, दाजी? कुणाला दिसणार आहे? नाहीतर मला उद्या सही करावी लागेल.”

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी माझ्या पुढ्यात तयार होती. दोन हजार लोकांना भाकऱ्या विकायच्या, आणि कुणाला कधी पत्ता लागणार नाही. बोट कळीवर ठेवायचा अवकाश.

“नको,” मी म्हटलं. “ज्या खोडीत समोरच्याला हसू येत नाही, ती एकदा करून बसलोय. तुझ्याशी.”

खुर्ची सरकवून तिनं मला जागा दिली.

आता मूळ फोटो हवे होते, आणि हल्लीच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो नसतोच. मोबाइल आपला आपणच गुळगुळीत करतो. न धुतलेला चेहरा राहिलाय कुठं? मी खिसे चाचपत होतो, पाकीट हाताला लागलं, आणि ट्यूब पेटली. ओळखपत्र! ओळखपत्रावरचा फोटो माणूस असतो त्याहून दोन बोटं वाईट, पण नाक जागेवर असतं.

चाळीस दुकानांना निरोप गेला: ओळखपत्रावरचा फोटो, साध्या स्कॅनरवर, साडेपाचच्या आत, हात न लावता. लगेच फोन सुरू. “मन्मथशेठ, गिऱ्हाईक ऐकेना! म्हणतंय, त्यात मी चोर दिसतोय.” अडीच वाजेपर्यंत आले एकशे सहा.

तेवढ्यात आबा स्वतः लॅबमध्ये. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, मन्या तुम्हाला काळं करतोय.

“मी मधोमधच्या जागेचे पैसे भरलेत!” दारातूनच आवाज. “आणि तू माझा...”

पडद्यावर त्यांचं ओळखपत्र ठिपक्या-ठिपक्यांनी उतरत होतं. सावळा रंग, गालावर खड्डे, कपाळावर तीन आठ्या. आबा बोलता बोलता थांबले. पुढे आले. पडद्याला नाक लागेल इतके पुढे.

“हा कोण?”

“तुम्हीच, आबा.”

“नाही रे.” त्यांनी पडद्यावरच्या आठ्यांवर बोट ठेवलं. “आमचे वडील असे दिसायचे. मार्केट यार्डात पोती उचलायचे. त्यांचा एक फोटो नाही आमच्याकडे.” धोतराच्या सोग्यानं त्यांनी नाक पुसलं. “तीस वर्षं तू मला गोरं करतोयस, मन्या. मला माझा बाप दिसू दिला नाहीस.”

मी माऊसवरचा हात बाजूला घेतला.

“असाच ठेव,” आबा म्हणाले. मग मोबाइल काढला आणि त्यांचा सभापतीचा जुना आवाज लागला. “हां, लातूर का? विश्वंभर बोलतोय. गोरंबिरं काही नाही, जसे आहात तसे या. मी आलोय. कसा दिसतोय म्हणजे? माणसासारखा दिसतोय! पाठव पटकन.”

आबांनी अडीच तासांत किती फोन केले देव जाणे. फोटो धो धो आले. मी ठिपके पाडत होतो, शैला बसवत होती, महानंदा डबा घेऊन आली ती फाइलींना नावं देत बसली. साडेपाचला एक हजार नऊशे सत्त्याऐंशी. तेरा जणांचा फोन लागलाच नाही. त्यांचे पैसे मी माझ्या गल्ल्यातून परत करायचं ठरलं.

“तेरा जागा मोकळ्या ठेवून चालणार नाही, खळगा पडेल,” शैला म्हणाली. “मी भरते काहीतरी. दाजी, तुम्ही खाली जाऊन चहा सांगा.”

मी गेलो. आता वाटतं, जायला नको होतं.

पाच पंचावन्नला तपासणी. पडदा हिरवा. सत्तावन्नला फाइल गेली. आबांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. शैलानं लगोलग त्या कंपनीला उत्तर लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: “आपल्या नोकरीबद्दल आभार. पण माझ्याकडे दोन हजार पाहुणे बसलेत. त्यांना सोडून निघता येत नाही.”

एप्रिलात खोकं आलं. चिप नखाएवढी. शैलानं ती एका हिरव्या पाटीवर बसवली, पाटी माझ्या दुकानातल्या पडद्याला जोडली, आणि मी आबांच्या एकसष्टीचा तोच जुना फ्लेक्स लावला. आबांनी गॉगल काढला. हात जोडले. एकशे सेहेचाळीस, एकशे सत्तेचाळीस, मान पूर्ण लवली, पुढे, पुढे, दोनशे चौदा! परवाना मागायला कुणी आलं नाही. चौकातल्या पोरांनी गुलाल आणला, आणि रिक्षावाल्यांनी नाचायला सुरुवात केली, कारण गुलाल दिसला की ते नाचतातच.

मग कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली एक चिप ठेवली. आख्खा गाव रांगेत. आपापला चेहरा शोधायचा, सापडला की ओरडायचं. माझी पाळी आली. मी भिंगातून सावकाश सरकत होतो. आबा. जालना. चंद्रपूर. आणि उजव्या कोपऱ्यात, लॅबच्या कॅमेऱ्यानं काढलेला, मी. माझ्या शेजारी बारा चौकोन, बारा भाषांत एकच मजकूर. मराठीतला वाचला.

‘सर्पमित्र मन्मथ. घरात साप निघाल्यास त्वरित संपर्क साधा.’ खाली माझा नंबर.

मागे शैला भिंतीला टेकून उभी होती. एकदम साळसूद.

“शैलाबाई, हे काढा.”

“साचे नव्यानं बनवावे लागतील, दाजी. दोन कोटी.” तिनं शेंगाचटणीचा चमचा चाटला. “आणि नकाशा उघडा आहे ना. गेल्या महिन्यात अकरा देशांनी उतरवून घेतलाय. आहे तसाच.”

मी हसलो. कोण शोधत बसतंय केसाएवढा मजकूर?

परवा दुपारी दुकानात होतो. फोन वाजला, नंबर ब्राझीलचा. पलीकडे कुणीतरी घाबरून काहीतरी बोललं, आणि माझ्या मोबाइलमधल्या दुभाष्यानं त्याचं शुद्ध पुस्तकी मराठी केलं: “महोदय, आमच्या स्नानगृहात एक अजगर विसावला आहे. आपण किती वेळात पोहोचाल?”

मी खुर्चीत नीट बसलो. घसा साफ केला.

“दार ओढून घ्या,” मी म्हटलं, “घाबरू नका, आणि लिहून घ्या. आमच्या मुख्य सर्पमित्र आहेत शैलजाताई. त्यांचा नंबर सांगतो.”